चि. मुक्तास, नाशिकच्या पत्त्यावर

पारनेर,
रविवार, २३ फेब्रुवारी २०१४

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आयुष्यभर फायली सरकवल्या, तुम्हाला नाही कळायचं," आणि फोन ठेवलास. आई शेजारीच बसली होती. तिला म्हटलं, रेंज गेली. तिला ते पटलं नाही, पण ती काही बोलली नाही. फायलींचं तू म्हणतेस ते खरंच आहे, त्यावर भांडायला हे पत्र नाही. आम आदमी पक्षाच्या कामासाठी नोकरीचा राजीनामा दिलास की बिनपगारी रजा टाकलीस, एवढंच विचारायचं होतं, ते राहून गेलं.

तुझ्या केजरीवालांबद्दल मी वाईट काय बोललो? माणूस शिकलेला आहे, खरगपूरच्या आयआयटीतला. आयकर खात्यातली नोकरी सोडली, जी सोडायला आमच्यापैकी कोणी स्वप्नातही धजला नसता. सुंदरनगरीसारख्या वस्तीत बसून रस्त्यांच्या आणि रेशनच्या कागदांचा हिशेब मागितला. २००६ मध्ये मॅगसेसे मिळालं ते उगाच नाही. आणि शीला दीक्षितांसारख्या तीनदा मुख्यमंत्री झालेल्या बाईंसमोर, त्यांच्याच मतदारसंघात उभं राहून पंचवीस हजारांवर मतांनी निवडून येणं ही काय साधी गोष्ट आहे? ८ डिसेंबरला निकाल लागत होते तेव्हा तू दिल्लीहून फोन केलास, मागे सगळा आरडाओरडा. सत्तरपैकी अठ्ठावीस, असं तू ओरडून सांगत होतीस. मी त्या दिवशी चौकात चार जणांना चहा पाजला. आईने तुला सांगितलं नसेल.

पण तू म्हणतेस, हा माणूस आता देश चालवेल. तिथे मी अडतो.

मी फक्त १४ फेब्रुवारीची गोष्ट बघतो. दिल्लीच्या विधानसभेत जनलोकपालाचं विधेयक मांडू दिलं नाही, बेचाळीस विरुद्ध सत्तावीस झालं, आणि त्याच संध्याकाळी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा. एकोणपन्नास दिवस! नायब राज्यपालांचं म्हणणं, केंद्राची पूर्वपरवानगी हवी. यांचं म्हणणं, नको. कायद्याने कोण बरोबर ते वकील ठरवतील. पण अशा अडलेल्या कागदाचं काय करायचं, हे आमच्या ऑफिसातला साधा अव्वल कारकूनसुद्धा जाणतो. परत पाठवायचं, पुन्हा मागवायचं, शेरा मारायचा, वरच्याच्या दारात बसून राहायचं. वर्ष जातं, पण कागद पुढे सरकतो. नवं खोंड औताला जुंपलं की पहिले दिवस सरी वाकडी जाते, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण जू टाकून पळालं तर शेतकरी दुसऱ्या वर्षी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. जानेवारीत रेल भवनाजवळ मुख्यमंत्री रस्त्यावर झोपला, काही पोलिसांना निलंबित करा म्हणून. तुला त्यात धाडस दिसलं. मला वाटलं, पंतप्रधान झाल्यावर हा कोणाविरुद्ध धरणं धरणार?

बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. लिहिताना ठरवलं होतं, चार ओळी लिहायच्या आणि तब्येत विचारायची. राग मानू नकोस. जेवतेस ना वेळेवर?

यशवंतरावांचं उदाहरण मी सारखं देतो म्हणून तू हसतेस. तरी देतो. चीनने मारल्यावर कृष्ण मेनन गेले आणि १९६२ च्या नोव्हेंबरात नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. लोकसभेवर ते तुझ्या त्या नाशिकमधूनच बिनविरोध गेले, तुमच्या ऑफिसातल्या पोरांना ठाऊक आहे का विचार. त्याआधी त्यांनी सहा वर्षं मुख्यमंत्रिपद सांभाळलं होतं, द्विभाषिकाचा धगधगता निखारा हातात धरून. संयुक्त महाराष्ट्रवाले रोज शिव्या घालत होते, आणि ते त्यांच्याशीच बोलत होते. जिल्हा परिषदा त्यांच्याच काळात उभ्या राहिल्या. दिल्लीत गेल्यावर संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, सगळं पाहिलं. तयारी म्हणजे ही.

आता तू म्हणशील, एवढी तयारी करून शेवटी पंतप्रधान झाले का? नाही झाले. ज्या वेळी एका बाजूला उभं राहायचं होतं त्या वेळी ते थांबून राहिले, असं मलाही वाटतं. म्हणजे नुसती तयारीही पुरत नाही, हे कबूल. तुझ्या माणसात जे आहे ते त्यांच्यात थोडं असतं तर! पण उलटही खरं आहे ना.

बाकीच्यांचंही मी डोळे मिटून मान्य केलेलं नाही. मोदींनी बारा वर्षं राज्य चालवलं हे खरं आणि २००२ त्यांच्याच कारकिर्दीत झालं हेही खरं. राहुल गांधी दहा वर्षं खासदार आहेत, पण एकही खातं घेतलेलं नाही. मत कोणाला ते मी अजून ठरवलेलं नाही, त्यामुळे आईला फोन करून काढून घेऊ नकोस.

अण्णांचं म्हणशील तर राळेगण आपल्याला काय लांब? डिसेंबरातल्या उपोषणाला मी दोनदा जाऊन आलो. केजरीवालांच्या पक्षाचे गोपाल राय आणि माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांची जुंपली, अण्णांनी गोपाल रायांना गाव सोडून जायला सांगितलं. लोकपाल संसदेत पास झाला, अण्णांनी उपोषण सोडलं, तर केजरीवालांनी त्याला जोकपाल म्हटलं. आणि आता अण्णा दिल्लीत ममताबाईंच्या शेजारी बसलेत. त्यामुळे अण्णांच्या शिफारशीलाही मी फार धरून नाही. पण ज्या म्हाताऱ्याच्या मंडपात हे सगळे मोठे झाले, त्याच्याशी वर्षभरात हे असे वागले, तर तुझ्यासारखीशी कसे वागतील? हे माझ्या मनातून जात नाही.

आणीबाणीच्या वेळी आपले नाना तुझ्याच वयाचे होते. जयप्रकाशांच्या हाकेवर शाळेतली नोकरी सोडली, येरवड्याच्या तुरुंगात गेले. ७७ च्या मार्चमध्ये मोरारजींचा शपथविधी रेडिओवर ऐकला आणि गल्लीत पेढे वाटले. ७९ च्या जुलैत सरकार पडलं. वरचे होते ते या पक्षातून त्या पक्षात गेले, पुन्हा मंत्री झाले. नानांना शाळेने परत घेतलं नाही. वडाखालच्या वावराचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. कमलकाकू अजून तो विषय निघाला की आत उठून जातात. नानांनी स्वतः मात्र शेवटपर्यंत पश्चात्ताप केला नाही, हेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील बाबा अर्धंच सांगतात.

म्हणून विचारतो, राजीनामा की रजा? एचआरला मेल गेला असला तरी नोटीस पिरियडमध्ये मागे घेता येतो म्हणे. दादाच्या मित्राने घेतला होता.

तू बारावीत होतीस, माहितीचा कायदा देशभर नुकताच लागू झाला होता. फिजिक्सचा क्लास बुडवून पाझर तलावाचा अर्ज टाकलास, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि मला न सांगता. मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्या वहीची, प्रत मागितली होतीस! मोजमाप पुस्तक म्हणजे काय हे तुला कोणी सांगितलं? मी घरी कधीतरी बोललो असेन. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, ही तुमचीच का. मान खाली घालून हो म्हणालो. घरी येऊन तुला रागावलो, आणि रात्री तुझ्या अर्जाची कच्ची प्रत दोनदा वाचली. मजकुरात एक शब्द जास्तीचा नव्हता. माझ्या हाताखालच्या एकालाही असं लिहिता येत नव्हतं.

तेव्हा मी तुला अडवतोय असं समजू नकोस. नाशिकला तुमच्या पक्षाचे विजय पांढरे उभे आहेत, ते चांगलंच आहे. मुख्य अभियंत्याच्या खुर्चीत बसून सिंचनावर ते पत्र लिहायला काय लागतं, ते मला विचार. सत्तर हजार कोटी खर्च आणि दहा वर्षांत सिंचन वाढलं ०.१ टक्का, हे सरकारच्याच पाहणीत छापलेलं होतं. वाचलं सगळ्यांनी, लिहिलं त्यांनी. त्यांच्यासाठी दारोदार फिरणार असशील तर फीर. उन्हाचं टोपी घालून, म्हणजे ती तुमची घालतेसच. एका माणसासाठी काम करणं मी समजू शकतो. एका माणसावर आयुष्य लावणं मला झेपत नाही, आणि यात फरक नाही असं तू म्हणतेस.

या महिन्याचा शैक्षणिक कर्जाचा हप्ता मी भरला आहे. ते मनावर घेऊ नकोस. आईची शुगर बरी आहे, पण फोनची वाट बघते, मला सांगत नाही.

एक मात्र तुझ्या लोकांना विचार. दिल्लीत त्यांनी महिन्याला वीस हजार लिटर पाणी फुकट दिलं, चारशे युनिटपर्यंत वीजबिल अर्धं केलं. छान. पण मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दिल्लीकरांना कांदा रडवत होता, तेव्हा लासलगावला चार पैसे जास्त मिळाले म्हणून इकडे लोक पोरींची लग्नं ठरवत होते. १९९८ ला दिल्लीचं सरकार कांद्यानेच घालवलं आणि शीलाबाई आल्या. आता दिल्लीच्या मतदाराला कांदा स्वस्त हवा आणि आपल्या माणसाला भाव हवा. दोघेही गरीब, दोघेही प्रामाणिक, यात चोर कोणीच नाही. मग केजरीवाल काय करणार? निर्यात बंद की चालू? चोराला पकडायचं त्यांना येतं, हे मी मानलं. जिथे चोर नाही तिथे ते काय करतात, ते मला अजून दिसलेलं नाही.

त्यांची नाशिककडे सभा ठरली तर कळव. मी एसटीने येईन, टोपी घालणार नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून देईन, निर्यातीचा आणि हमीभावाचा, दोनच. उत्तर मंचावरून नाही दिलं तरी चालेल, पण चिठ्ठी वाटेत कोणाच्या खिशात राहणार नाही एवढं तू बघ.

तुझा,
बाबा