मेझुझा दारावरच राहील

आई-बाबा, शालोम.

फोनवर हे बोलणं जमत नाही. आईचा आवाज भरून येतो, बाबा लगेच इथल्या मँचेस्टरच्या थंडीवर येतात, आणि मी 'बरं, बघते' म्हणून फोन ठेवते. म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहितीये.

2 ऑक्टोबर 2025 ला, किप्पूरच्या उपासाच्या दिवशी, माझा फोन बंद होता. तुम्ही ठाण्यात टेंभी नाक्याला सिनेगॉगमध्ये उपाशी बसलेले, आणि शेजारच्या काकू टीव्हीवर 'मँचेस्टर' ऐकून धावत तिथे आल्या. इथला उपास सुटून मी फोन लावला तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र झाली होती. तेवढे तास तुम्ही कसे काढलेत ते आईनं अजून सांगितलेलं नाही, आणि मला विचारायचा धीर होत नाही. हल्ला झाला ते हीटन पार्कचं सिनेगॉग आमचं नव्हे, पण लांबही नाही. त्या माणसानं बाहेरच्या लोकांवर गाडी घातली, मग सुरा काढला. आतल्या लोकांनी दारं धरून ठेवली म्हणून तो आत शिरू शकला नाही. तरी आपली दोन माणसं गेली.

तेव्हापासून तुमचं एकच चाललंय. मेझुझा, ती दाराच्या चौकटीवरची प्रार्थनेची डबी, बाहेरून काढ आणि आत स्वयंपाकघराच्या चौकटीला लाव. गळ्यातली चेन कपड्याच्या आत घाल. कोणी विचारलं तर मराठी म्हणून सांग, पुढचं सांगायची गरज काय? बाबा, यात खोटं काही नाही. आडनावाच्या शेवटी 'कर', रंग आपला सावळा. इथे मला कोणी ज्यू समजतच नाही. सगळे हिंदूच समजतात आणि दिवाळीच्या शुभेच्छा देतात. मी त्या घेतेही.

पण त्यामुळेच मला सगळं ऐकू येतं. माझ्या इथल्या ज्यू मैत्रिणींसमोर लोक जीभ आवरतात, माझ्यासमोर कशाला आवरतील? किप्पूरनंतरच्या आठवड्यात लॅबच्या चहाच्या खोलीत एक जण सहज बोलून गेला, ''त्यांनीच घडवून आणलं असेल, सहानुभूतीसाठी. बँका त्यांच्या, पेपर त्यांचे.'' मी कप खाली ठेवला आणि विचारलं, ''त्यांच्या म्हणजे नक्की कोणाच्या?'' तो म्हणाला, ''तुला माहितीये की.'' मी म्हटलं, ''नाही माहीत, नीट सांग.'' मग त्याला वाक्य पुरं करता येईना. तेव्हा मी सांगितलं की मी ज्यू आहे, माझे वडील जन्मभर बँकेत होते, काउंटरच्या आत कारकुनाच्या खुर्चीवर, आणि घराचा हप्ता फेडता फेडता त्यांचे केस पांढरे झाले. (बाबा, हसू नका. खरंच असं म्हणाले मी.) आपले वाडवडील नवगावला तेलाचा घाणा चालवायचे, शब्बाथ म्हणून शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. जगाची सूत्रं हलवायला त्यांना फुरसत कधी मिळाली असेल?

नंतर तारीख, वेळ आणि त्याचे शब्द वहीत लिहिले आणि वरिष्ठांना कळवले. त्याची नोकरी जावी असं मला वाटत नव्हतं, ती गेलेलीही नाही. त्याला बोलावून समज दिली. आता तो माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतो. ते मला आवडत नाही, पण चालेल.

आता जे सांगायचंय ते. रागावू नका. मी आमच्या सिनेगॉगच्या गेटवर उभं राहायला नाव दिलंय आणि शिकवणीही पुरी झालीय. इथे 1994 पासून कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट म्हणून संस्था आहे. सगळे तिला सीएसटी म्हणतात, त्यामुळे मला दर वेळी स्टेशनच आठवतं. अशा घटनांची नोंद तीच ठेवते. 2023 मध्ये 4,000 च्या वर नोंदी झाल्या, आणि त्यात शिवी, धक्का, भिंतीवर खरडलेलं सगळं येतं. गेटवर उभं राहणाऱ्यांनाही तीच शिकवते. मी एकटी नसते. अंगात सुऱ्यापासून वाचवणारं जाकीट असतं, हातात वायरलेस असतो, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी असते. गेटवरची माझी पाळी दर शनिवारी येत नाही. पाऊस असला तर वर छप्पर आहे. आत लोकरीचं बनियन घालते, आई, तूच पाठवलेलं. गरम चहाचा थर्मास नेते.

शिवाय गेटवर मी उपयोगाचीच आहे. पहिल्यांदा गेले होते तेव्हा मलाच तिथे अडवलं होतं. भारतातून आलेली ज्यू म्हटल्यावर त्या पोराचा विश्वास बसेना. मी तिथेच शमाची प्रार्थना म्हणून दाखवली, तेव्हा तो ओशाळला. मला तेव्हा इस्रायलमधली, दिमोनाची आत्या आठवली. त्यांच्या पिढीला तर आपल्याच लोकांसमोर आपण ज्यू असल्याचं सिद्ध करत बसावं लागलं, 1964 मध्ये तिथल्या सरकारनं मान्य करेपर्यंत. आता कोणी सावळं माणूस गेटवर आलं की मी पुढे होते.

सुरक्षित म्हणून परत ये म्हणता. येईन तेव्हा तुमच्यासाठी येईन, घाबरून नाही. 26/11 ला हल्ला झाला ते नरिमन हाऊस तर कुलाब्यातच होतं ना? हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाहीये. टेंभी नाक्याला दारात हवालदार खुर्ची टाकून बसतो आणि आई त्याला चहा पाठवते, तेव्हा त्याच्या आईला काय वाटत असेल याचा विचार आपण केलाय का कधी?

आणि इथे सगळे वाईट नाहीत. माझी खालच्या मजल्यावरची मैत्रीण गाझातल्या पोरांसाठी मोर्चाला जाते. तिचं माझं नेतन्याहूंवरून फारसं भांडण होत नाही, हे आत्याला सांगू नका. किप्पूरच्या त्या रात्री दारात भांडंभर सूप घेऊन तीच उभी होती. एखाद्या सरकारवर चिडणं वेगळं आणि मला पाहून थुंकणं वेगळं, हे तिला कळतं. ज्याला कळत नाही त्याच्याशी बोलायचं.

आई, तू मला शुक्रवारी मनुका भिजवायला बसवायचीस आणि मी निम्म्या खाऊन टाकायचे. किद्दुशच्या प्रार्थनेचं शरबत फिकं झालं की बाबा म्हणायचे, ''यंदा मनुकांना रसच नाही.'' इथेही शुक्रवारी काळ्या मनुका भिजवते. रस भरपूर निघतो, कारण खायला कोणी नाही.

बाबा, आता तुमचं. तलावपाळीच्या कट्ट्यावरचे ते काका 'आपल्याला एक हिटलर पाहिजे होता' म्हणतात आणि तुम्ही बुटाची नाडी बांधता. ते माणूस वाईट नाही, तुमच्या ऑपरेशनला रक्त द्यायला तेच आले होते. त्यांनी हिटलरचं पुस्तक फुटपाथवरून घेतलंय, बाकी काही ठाऊक नाही. पण म्हणूनच बोला. 2006 मध्ये खारघरच्या त्या हॉटेलला हिटलरचं नाव दिलं तेव्हा आपली मंडळी मालकाला भेटली आणि त्यानं नाव बदललं. तेव्हा तुम्हीच घरी येऊन म्हणाला होतात, ''बघ, विचारलं तर लोक ऐकतात.'' मग काकांनाही विचारा: ''हिटलर आला असता, तर रोज सकाळी तुमच्यासाठी पेपर कोणी आणला असता?'' एवढंच, लेक्चर देऊ नका. तुमचं लेक्चर लांबतं.

मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. मी येईपर्यंत थांबायचं नाही, पैसे पाठवलेत. आईची बीपीची गोळी सकाळी, नाश्त्याच्या आधी, आणि डबीत भरून. 'घेतली असेल' हे उत्तर मला नकोय. लोणचं आठवड्यातून एकदा. रात्री नऊनंतर बातम्या बंद. कोणी मँचेस्टरचा व्हिडिओ पाठवला तर न बघता पुसून टाका आणि मला फोन करा, उचलते मी. शब्बाथला फोनला हात लावायचा नसला तरी उचलेन, ते माझं मी बघते.

आणि आई, त्या हवालदाराला चहाबरोबर काहीतरी खायलाही देत जा.

तुमची,
बाय