कार्ड सेव्ह करायला एक टिक, काढायला सतरा फेऱ्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. सध्या बँकेच्या पासबुकात दर महिन्याला शंभर-दोनशेची कपात दिसते आणि ती कसली हे घरात कुणालाच सांगता येत नाही अशी घरं आमच्या भागात खूप झालीयत, म्हणून हे पत्र.

आमच्या शेजारच्या काकूंच्या पेन्शन खात्याचं डेबिट कार्ड नातवानं सुट्टीत एका सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या ॲपवर टाकलं, पहिला महिना फुकट होता म्हणून. सुट्टी संपली, नातू पुण्याला गेला, काकूंनी ॲप फोनमधून उडवलं आणि त्यांना वाटलं विषय संपला. ॲप उडवलं तरी तिथलं खातं तसंच राहतं आणि त्यातलं कार्डही, हे त्यांना कोण सांगणार? पैसे जात राहिले. मग मी त्यांच्या फोनवर परत ॲप टाकून बघितलं तर कार्ड काढायचा पर्याय अकाउंट, मग सेटिंग, मग पेमेंट, मग अजून एक पान अशा चार दारांच्या आत, आणि तिथं गेल्यावर ते बटण फिकट करड्या रंगाचं, दाबलं तर म्हणतंय आधी दुसरं कार्ड जोडा! म्हणजे एक काढायचं तर दुसरं द्या. सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंत एकुलतं एक कार्ड काढूच देत नाहीत. सबस्क्रिप्शन बंद करायला गेलो तर "खरंच जाताय का", मग अर्ध्या किमतीची ऑफर, मग कारण सांगा, आणि प्रत्येक पानावर "राहू द्या" हे ठळक रंगीत बटण आणि "रद्द करा" खाली बारीक अक्षरात. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं चष्मा लावून हे कसं शोधायचं?

यात लोकांचा मुख्य घोळ होतो तो असा की सबस्क्रिप्शन, साइटवरचं कार्ड आणि बँकेतलं ई-मँडेट (म्हणजे ठरलेले पैसे दर वेळी आपोआप कापायला आपण दिलेली परवानगी) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालंच असं नाही, आणि एक बंद केलं की दुसरं आपोआप बंद होईल या भरवशावर राहू नका. आधी सबस्क्रिप्शन रद्द करायचं, रद्द झाल्याचा मेल किंवा स्क्रीनशॉट ठेवायचा, मग कार्ड काढायचं, आणि शेवटी बँकेच्या ॲपमध्ये मँडेट उरलंय का ते बघायचं.

रिझर्व्ह बँकेने आपल्या बाजूनं बरंच केलंय हे मान्यच करायला पाहिजे. 1 ऑक्टोबर 2022 पासून देशातल्या दुकानदार साइट्सना आपल्या कार्डाचा पूर्ण नंबर ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी वापरायचा एक बदली कोड असतो, आणि ते टोकन त्या एका साइटपुरतंच असतं, त्यामुळे एका ठिकाणचा डेटा चोरीला गेला तरी ते टोकन चोराला दुसरीकडे चालत नाही. पण म्हणूनच एका साइटवरून कार्ड काढलं तरी बाकीच्या ठिकाणी ते तसंच असतं, किराणा वेगळा, टॅक्सी वेगळी, औषधं वेगळी. आता आपलं कार्ड कुठंकुठं जोडलंय ती यादी दाखवायची आणि तिथून ते काढायची सोय द्यायची हे कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे. नेट बँकिंगमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात हे असतं, प्रत्येक बँकेत नाव जरा वेगळं. मी ओळखीच्या बऱ्याच जणांना विचारलं, एकानंही ही यादी कधी उघडलेली नव्हती, आणि शाखेतही कुणी आपणहून सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

दर महिन्याच्या कपातीचंही तसंच. 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण कपातीच्या किमान 24 तास आधी बँकेनं कळवायचं असतं आणि त्यातूनच नकार द्यायची सोय ठेवायची असते. तो मेसेज येतो, नाही असं नाही, पण इंग्रजीत, लोनच्या जाहिरातींच्या गर्दीत. मराठी माणसाला मराठीत पाठवायला काय हरकत आहे?

परदेशी साइट्सची गोष्ट अजून वेगळी, तिथं ओटीपी न येताही पैसे जाऊ शकतात. तेव्हा गरज नसेल तर बँकेच्या ॲपमधून कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा, ते बटण प्रत्येकाला दिलेलं आहे.

आणि कृपा करून कार्ड कसं काढायचं म्हणून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. तिथं भामट्यांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात, गोड बोलून आपल्या फोनचा स्क्रीन त्यांना दिसेल असं ॲप टाकायला लावतात आणि खातं रिकामं करतात. नंबर घ्यायचा तर कार्डाच्या मागचा घ्या.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये ॲप आणि साइट्सवरच्या अशा फसव्या रचनांचे 13 प्रकार ठरवून त्यांना मनाई केली, त्यात सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं हा प्रकार नावानिशी आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं हवं असं लिहिलंय. मग कार्ड सेव्ह करायची टिक पैसे भरायच्या पानावरच असते तर काढायचं बटणही तिथंच का नको? सरकारनं एवढा एक नियम करावा, साधा, सगळ्यांना सारखा.

तुमच्याकडे विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत हे सगळं एका चौकटीत छापा. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915, पैसे चोरीला गेले तर लगेच 1930, आणि बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, हेही त्यात घ्या. अक्षर मोठं ठेवा, आमच्या कट्ट्यावरची ज्येष्ठ मंडळी अशी कात्रणं काढून फोनच्या कव्हरमध्ये ठेवतात.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज