पब गेला, त्याच्या खुणा तरी राहू द्या

मा. संपादक, स. न.

लंडनमध्ये घर घेणाऱ्या मराठी मंडळींना आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती करायची आहे. इथे पूर्वी पब असलेली घरं सर्रास विकायला येतात. ऐसपैस खोल्या, खाली तळघर, म्हणून आपले लोकही ती हौसेने घेतात. पण ताबा मिळताच दर्शनी भागाची रंगरंगोटी सुरू होते, तिथे जरा थांबावं.

यातले कितीतरी पब मुळात घरंच होती. १८३०च्या कायद्याने कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी भरून राहत्या घरात बिअर विकायची मुभा मिळाली. पुढच्या खोलीत पिंप मांडलं की दुकान सुरू. १८६९मध्ये परवाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले आणि शतक संपेपर्यंत बिअर बनवणाऱ्या बड्या ब्रुअरींनी मोक्याच्या कोपऱ्यांवरचे पब विकत घेतले. मजुरांच्या बचत मंडळ्या तिथेच भरत. अपमृत्यूची चौकशीसुद्धा कोरोनर कित्येकदा पबमध्येच घेई.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक घर आहे. कोपरा छाटून दार तिरकं बसवलेलं, म्हणजे दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक थेट आत. फुटपाथवर पिंपं तळघरात सोडायची झडप, वर पाटी टांगायचा लोखंडी दांडा, आणि खिडक्यांखाली गडद हिरव्या, चकाकत्या टाइल्स. त्या टाइल्सवर आता करडा रंग फासलाय. येता-जाता बघून जीव तुटतो.

इंग्लंडमध्ये पबचं घर करायला नियोजन खात्याची परवानगी लागते, आणि २०१७पासून पब पाडायलाही. लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्ल्टन टॅव्हर्न हा पब २०१५मध्ये विनापरवाना पाडला गेला, तेव्हा वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसा परत बांधायला लावला. रहिवाशांना आधीच संशय आला होता आणि वारसा संस्थेकडे इमारतीची बारीकसारीक नोंद झालेली होती, म्हणून ते जमलं. २०२१मध्ये तो पुन्हा उघडला. पण ज्याचं घर कधीच होऊन गेलं, त्या पबच्या टाइल्सना हा नियम वाचवत नाही. तिथे सगळं घरमालकावरच आहे.

तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी फोटो काढून ठेवा. स्थानिक अभिलेखागारात जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या आणि जनगणनेच्या नोंदी असतात. तुमच्या घरात बिअर कोण विकत होतं, त्याच्या घरात माणसं किती, हे त्यात सापडू शकतं. दांडा कापू नका. टाइल्सवर आधीच रंग बसला असेल, तर वाळूच्या फवाऱ्याने तो मुळीच काढू नका, वरची झिलई कायमची जाते. आधी जुन्या इमारतींच्या जाणकाराला दाखवा.

– एक वाचक, लंडन