पुस्तकात उबुंटू, मग शाळेच्या संगणकात का नाही?

माननीय शिक्षणमंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर, यांस

सविनय नमस्कार.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, तेवीस वर्षं मुलांना संगणक शिकवला, आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात एका शाळेत गेले होते. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात अठरा संगणक एकावर एक रचलेले, प्रत्येकावर खडूनं ‘भंगार’ लिहिलेलं. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि पुढची आवृत्ती या यंत्रांवर चढत नाही, एवढंच कारण.

त्यातला एक मी टेबलावर घेतला, धूळ पुसली, पेन ड्राइव्ह लावला. चार जीबी रॅमचं यंत्र, अर्ध्या तासात त्यावर लुबुंटू बसलं. विंडोजच्या जागी चालणारी उबुंटू नावाची मुक्त संगणक प्रणाली आहे, तिचीच ही जुन्या यंत्रांसाठीची हलकी आवृत्ती. मी मराठीत ‘दऱ्या’ टाइप केलं, अक्षर जसं उमटायला हवं तसं उमटलं. शेजारी अकरावीतली एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, “बेन, आ तो आपणी चोपडीमां छे ने?” म्हणजे, हे तर आपल्या पुस्तकात आहे ना?

साहेब, त्या मुलीचं खरंच आहे. आपल्या मंडळाच्या ज्या पुस्तकावरून मी शिकवलं त्यात उबुंटू आहे, उबुंटू ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या फाइलींची रचना आहे, टर्मिनलमध्ये टाइप करून द्यायच्या आज्ञा आहेत, अ‍ॅनिमेशनसाठी सिनफिग हा मुक्त प्रोग्राम आहे. ज्यांनी हा अभ्यासक्रम आखला त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण कितीतरी मुलं हे सगळं घोकतात. कोणती आज्ञा दिली की पडद्यावर काय दिसतं, ते त्या मुलीला तोंडपाठ होतं. प्रत्यक्ष दिसताना तिनं ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या बडोद्यात हे घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेडोपाडी पाठवली जात, वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसऱ्या गावाला जाई. वाचलेलं पुस्तक शेजाऱ्याला दिलं तर गुन्हा, असा नियम महाराजांनी केला असता का? आणि शाळेत आपण मुलांच्या हाती जे सॉफ्टवेअर देतो, त्यातल्या बऱ्याचशा बाबतीत नियम नेमका तोच आहे.

अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ सुरू केली तिचं मागणं साधं आहे: प्रोग्राम हवा तसा वापरता यावा, उघडून समजून घेता यावा, बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दामुळे घोळ होतो. आपल्याकडे ‘फुकट’ वेगळं आणि ‘मुक्त’ वेगळं. मी मुक्तबद्दल बोलते आहे. पैसे वाचतात ही पुढची गोष्ट.

दर रविवारी आम्ही आठ-दहा जण जुन्या लॅपटॉपवर मुक्त प्रणाली बसवायला जमतो, त्यात माझे जुने विद्यार्थीही असतात. एकदा एका यंत्राचं वायफाय काही केल्या चालेना. दूरच्या गावातल्या एका अनोळखी माणसानं रात्री अकरा वाजता उपाय कळवला. बदल्यात त्याची एकच अट होती: “चाललं तर लिहून ठेवा, पुढच्याला शोधावं लागू नये.” ही रीत मुलांना लागावी असं मला फार वाटतं. आम्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत दोषही आहे. नवख्याला ‘आधी वाचून ये’ म्हणून झिडकारणारे आहेत, आणि त्यामुळे विशेषतः मुली परत येत नाहीत. म्हणून आमच्या बैठकीत पहिला प्रश्न नेहमी सगळ्यात नव्या माणसाचा.

केरळनं आपल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. २०१८ पासून तिथे शाळाशाळांतून ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थ्यांचे गट चालतात. केंद्र सरकारनंही २०१५ च्या धोरणात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्याला, पहिली पसंती दिली आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही.

कोणताही शालेय संगणक भंगारात काढण्याआधी त्यावर मुक्त प्रणाली चालते का, हे तपासणं बंधनकारक करा. प्रात्यक्षिक परीक्षा पुस्तकात जी प्रणाली आहे तिच्यावरच घ्या. परीक्षा बदलली की प्रयोगशाळा आपोआप बदलेल, हे मी शिक्षिका म्हणून खात्रीनं सांगते. आणि शिक्षकांना सरावासाठी वेळ द्या. हातात नीट न बसलेली गोष्ट वर्गात दाखवायची भीती वाटते, मलाही वाटायची.

त्या शाळेतले अठराही संगणक अजून कोपऱ्यातच आहेत. लिलावाचा कागद वर गेलेला नाही. आपल्या कार्यालयातून शाळेला दोन ओळींचं पत्र आलं, तर येत्या रविवारी आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन तिथे हजर असू. ती मुलगीही येणार आहे, तिनं स्वतःहून विचारलं.

आपली नम्र,
एक निवृत्त संगणक शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे