लघवीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाची कंबर कोणी मोजतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत प्रोस्टेटवरचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) लेख वाचला, चांगला होता, पण वजनाबद्दल त्यात एक ओळ सुद्धा नव्हती म्हणून हे पत्र लिहितोय. मी कराडला 31 वर्षं जेंट्स टेलरिंगचं काम करतो. डॉक्टर नाही, पण पुरुषांची कंबर रोज मोजतो आणि जुन्या मापाच्या वह्या सगळ्या जपून ठेवल्यात. लग्नात 30 कंबर असलेला माणूस मुलाच्या लग्नाला 40 घेऊन येतो हे मी वर्षानुवर्षं बघतोय. आणि माप देता देता हळूच विचारतात, दुकानात आत सोय आहे का हो, जरा जाऊन येतो.

मला स्वतःला 54 व्या वर्षी त्रास सुरू झाला. रात्री चार चार, पाच पाच वेळा उठायचं, लागली की थांबायचं नाही, आणि जाऊन उभं राहिलं की धार सुरूच होत नाही. पुण्याला एसटीने जायचं म्हणजे धास्ती, एकदा तर खंबाटकी घाटाच्या अलीकडे ड्रायव्हरला हात जोडून गाडी थांबवायला लावली, सगळी गाडी बघत होती. डॉक्टरांकडे गेलो तर म्हणाले वय झालं आता, असंच असतं, आणि गोळी लिहून दिली. गोळीने फरक पडला पण उठताना चक्कर यायची. दोन वर्षांत कोणी वजनकाट्यावर उभं केलं नाही, टेप तर लांबच राहिला.

मग भाच्याच्या ओळखीने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, त्यात 0 ते 35 मार्क असतात, जितके जास्त तितका त्रास जास्त, माझे 21 आले म्हणजे तीव्र. सोनोग्राफीत प्रोस्टेट 28 ग्रॅम, म्हणजे थोडीच वाढलेली. एवढ्याशा वाढीला एवढा त्रास का म्हणून त्यांनी विचारलं, घोरता का? हे ऐकून बायकोच बोलली, घोरतात आणि मधेच श्वास थांबतो, मी हलवून जागं करते. वजन 88 किलो, उंची साडेपाच फुटाच्या जरा वर, शुगर पण वाढलेली निघाली.

त्यांनी मग एक मोजायचा प्लास्टिकचा मग घ्यायला लावला आणि तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून लिहायला सांगितली. दिवसभराची मिळून 2100 मिली आणि त्यातली 900 नुसती रात्रीची! वय झालेल्या माणसाला एक तृतीयांशापेक्षा जास्त रात्री होत असेल तर तो निव्वळ प्रोस्टेटचा प्रश्न नसतो, रात्री लघवी तयारच जास्त होतेय. घोरताना घसा बंद होतो, हृदयावर ताण येतो, ते किडनीला मीठ पाणी बाहेर टाकायचा निरोप देतं. दिवसभर मशीनवर पाय लोंबकळून पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं ते वेगळंच. शिवाय पोटातली, आतड्याभोवतीची चरबी मूत्राशयावर दाब टाकते, आणि तीच चरबी शरीरातली इन्सुलिनची आणि हार्मोनची घडी बिघडवते, त्यानेही प्रोस्टेट वाढायला हातभार लागतो असं डॉक्टरांनी सांगितलं. हे सगळं मला दोन वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं याचं फार वाईट वाटतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पोट सुटलं की माणूस पँट पोटाखाली बांधायला लागतो आणि छातीठोक सांगतो माझी कंबर 36, वीस वर्षं तीच आहे. अहो ती पँटची कंबर झाली! खरी कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधारण बेंबीच्या आसपास, श्वास सोडून, पोट आत न ओढता. तिथे टेप फिरवला की त्याच माणसाची 41 भरते. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा 90 सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्याही आत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच कंबर आणि सीट (म्हणजे नितंबांचा घेर) दोन्ही मोजली, तर 47.7 टक्के पुरुषांचं कंबर भागिले सीट हे 0.90 किंवा त्याच्या वर, म्हणजे धोक्याच्या पातळीत निघालं, जवळजवळ निम्मे.

मी 14 महिन्यांत 9 किलो कमी केले, रात्रीचं जेवण साडेसातला, भात निम्मा, प्रीतिसंगमापर्यंत रोज चालत जाऊन येतो, दुपारी तासभर पाय वर करून पडतो. श्वास थांबू नये म्हणून झोपेत लावायचं मशीनही घेतलं. आता रात्री एकदा, फार तर दोनदा उठतो, त्या कागदावर 10 मार्क आले. गोळी चालूच आहे, कोणी माझं वाचून आपली गोळी बंद करू नये, आणि सडपातळ माणसाला पण प्रोस्टेटचा त्रास होतो. लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी तुंबली तर वजनाचा विचार नंतर, आधी दवाखाना गाठायचा.

माझं मागणं एवढंच की गणपतीत मंडळांची शिबिरं होतात, शुगर बघतात, बीपी बघतात, त्याच टेबलावर एक टेप आणि ते सात प्रश्नांचे कागद ठेवा. पुरुष माणूस लघवीबद्दल तोंडाने बोलत नाही पण कागदावर टिक करतो. आमच्या पेठेतल्या मंडळाला मी सांगून ठेवलंय, टेप घेऊन मी स्वतः बसणार. आणि तुम्ही पुरवणीत कंबर कुठे मोजायची त्याचं एक चित्र छापा, 90 सेंटीमीटर हा आकडा मोठ्या अक्षरात टाका, मी कापून ट्रायल रूमच्या आरशाला चिकटवतो.

आपला,
एक टेलर वाचक, कराड