हप्त्यामागचा खरा व्याजदर

महोदय,

हप्त्यावर वस्तू घेताना हप्ता झेपतो का, एवढेच अनेक कुटुंबे पाहतात. व्याज कशावर लागते, हे विचारतच नाहीत. १२,०००चे कर्ज, मुदत १२ महिने, सपाट दर (शेवटपर्यंत मूळ रकमेवर लागणारा) वार्षिक १२ टक्के, म्हणजे व्याज १,४४० आणि हप्ता १,१२०. सहा हप्त्यांत निम्मे मुद्दल फिटते, तरी व्याज पूर्ण रकमेवरच चालू राहते. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर मोजल्यास हा दर सुमारे साडेएकवीस टक्के निघतो! खऱ्या १२ टक्क्यांनी हप्ता १,०६६च्या आसपासच बसला असता. प्रक्रिया शुल्क आधीच कापले, तर दर आणखी चढतो. सहीपूर्वी सर्व हप्ते व शुल्क यांची बेरीज रोख किमतीशी ताडावी आणि घटत्या शिल्लकेवरचा वार्षिक दर लेखी मागावा. मुदतीआधी फेडल्यास किती व्याज सुटेल, तेही लिहून घ्यावे.

– एक वाचक