ती चेटकीण, मग नाना कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्रज बालसाहित्यिका एनिड ब्लायटनच्या चरित्रपटावरचा लेख वाचला. सोमवारी सकाळी पुन्हा वाचला, कारण रविवारी वाटलं, चहाच्या आधी वाचला म्हणून डोकं फिरलं असेल. सोमवारी चहा घेऊन वाचला. तरी फिरलंच. म्हणून हे पत्र.

आपल्या स्तंभलेखकांना हा चित्रपट एकदाचा सापडला याचा आनंद आहे. बीबीसी फोर या ब्रिटिश वाहिनीवर तो २००९च्या नोव्हेंबरमध्ये लागला होता. हेलेना बॉनम कार्टरला त्यातल्या एनिडच्या कामासाठी पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालं. आमच्या घरी त्याची डीव्हीडी २०१२पासून आहे आणि मी तो चारदा पाहिलाय, तेव्हा ऐकीव माहितीवर बोलत नाही. काम बाईंनी अप्रतिमच केलंय, त्याबद्दल वाद नाही. वाद शीर्षकातल्या ‘चेटकीण’ या शब्दाबद्दल आहे. आणि शेवटच्या परिच्छेदाबद्दल, जिथे लेखकमहाशय आपल्या लेकीची ब्लायटनची सगळी पुस्तकं माळ्यावर टाकल्याचं मोठ्या अभिमानाने सांगतात. लेकीला विचारलं होतं का?

चहापार्टीचा प्रसंग त्यांना फार लागला म्हणे. पत्रं पाठवणाऱ्या वाचक-मुलांना ब्लायटनबाई घरी बोलावतात, खाऊपिऊ घालतात, गोड बोलतात, आणि त्यांच्या स्वतःच्या दोन मुलींना, जिलियन आणि इमोजेनला, त्यात जागा नसते. हे बघून लेखकांना रात्रभर झोप लागली नाही. मला लागली. कारण ही पार्टी मी लहानपणी दर शनिवारी आमच्याच घरी बघत होते.

माझे वडील, नाना, मुलांसाठी लिहायचे. राक्षस, बोलणारी झाडं, रात्री पाय फुटणारे डोंगर. नाव सांगत नाही, पण माझ्या वयाच्या बऱ्याच वाचकांच्या कपाटात त्यांचं एखादं पातळसं पुस्तक निघेल. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्या. बाहेरची खोली सकाळी सात ते साडेनऊ आणि पुन्हा दिवेलागणीपासून जेवणापर्यंत नानांची. तेवढा वेळ गॅलरीच्या दाराला आतून कडी. आम्ही चार भावंडं, आई आणि आजी स्वयंपाकघरात, नाहीतर मग बाहेर. ‘नाना लिहितायत’ हे वाक्य दिवसातून इतक्यांदा म्हटलं जायचं की धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा त्याच्या पहिल्या चार-पाच शब्दांत ‘शू’ होतं.

शनिवारी दुपारी मात्र ते दार सताड उघडं. वाडीतली, शाळेतली पंचवीस-तीस मुलं गोष्ट ऐकायला यायची. नाना राक्षसाचा आवाज काढायचे, एखाद्या पिटुकल्याला मांडीवर घ्यायचे. आई सकाळपासून चिवडा करायची. वाट्या भरायचं काम ताईचं आणि माझं, पाण्याचं मधल्या भावाचं. एकदा मीही वाटी घेऊन त्या मुलांत जाऊन बसले. गोष्ट थांबली. नाना म्हणाले, “अगं, तू तर घरचीच ना? ऊठ, त्या मुलाला पाणी दे.” उठले आणि दिलं. ती गोष्ट पुढे पुस्तकात आली तेव्हा मला तिचा शेवट कळला.

आणि ही हनुवटी. १९६१चा पावसाळा, मी सात वर्षांची. जिन्यात पाय सटकला आणि हनुवटी पायरीच्या लोखंडी पट्टीवर आपटली. वर आले तर दाराला कडी. आई गिरणीवर दळण आणायला गेलेली, आजी धाकट्याला घेऊन देवळात. मी फ्रॉकचा घेर उचलून हनुवटीला धरला आणि दार वाजवलं. एकदाच, हळू. आतून आवाज आला, “पान पुरं होऊ दे.” मग परत वाजवलं नाही. पान पुरं व्हायची वाट बघत उभी राहिले. फ्रॉक पिवळा होता, त्यामुळे समोरून येणाऱ्या शेजारच्या काकूंना लगेच दिसलं आणि त्या किंचाळल्या तेव्हा कडी निघाली. तीन टाके पडले. नानांनीच उचलून दवाखान्यात नेलं आणि वाटेत दोनदा डोळे पुसले, हेही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाराला कडी.

नाना गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना ‘ऋषितुल्य’ म्हटलं. लेखनाच्या तंद्रीत त्यांना घरादाराचं भान नसे, हे तर कौतुक म्हणून छापलं. आपल्याही पत्रात आलं होतं, कात्रण आहे माझ्याकडे. आता मला आपण समजावून सांगा की आमच्या गिरगावातल्या कडीला तंद्री म्हणायचं आणि तिकडे मांडीवर टाइपरायटर घेऊन बसलेल्या बाईला चेटकीण, हे कुठल्या व्याकरणात बसतं?

एनिड ब्लायटन आई म्हणून थोर होती असं मी म्हणत नाही. धाकट्या इमोजेनने १९८९ साली पुस्तक लिहून आईला उद्धट म्हटलं, तिच्यात वात्सल्याचा मागमूस नव्हता असंही म्हटलं. ती त्या घरात वाढली, तिचं म्हणणं खोडणारी मी कोण? पहिल्या नवऱ्याला, ह्यू पोलॉकला, घटस्फोटानंतर मुलींना भेटू दिलं नाही. त्याचं समर्थन चार वेळा चित्रपट बघूनही मला करता आलेलं नाही. पण थोरली जिलियन आईला प्रेमळ आई म्हणून आठवायची, त्याची एक ओळही आपल्या लेखात नाही. ती २००७मध्ये गेली, चित्रपट आला २००९मध्ये. आमच्याकडेही हेच. ताईला विचाराल तर नाना म्हणजे देवमाणूस. त्याच दोन खोल्यांत वाढलो की आम्ही.

एनिड तेरा वर्षांची असताना तिचे वडील दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर ‘बाहेरगावी गेलेत’ असं सांगायचं, असं आईने मुलांना पढवलं. म्हणजे गोष्टी रचायला ही मुलगी कुठे शिकली ते बघा. हे लेखात दीड ओळीत उरकलंय आणि बाईंच्या कपड्यांवर मात्र अख्खा परिच्छेद.

बीबीसीच्या ‘धाडसा’ची स्तुती वाचून तर हसूच आलं. याच बीबीसीने या बाईला जवळजवळ तीस वर्षं आकाशवाणीवर फिरकू दिलं नव्हतं. तिच्या गोष्टींत वाङ्मयीन मूल्य नाही, असे शेरे मारलेली त्यांच्या दप्तरातली जुनी पत्रं त्यांनी त्याच नोव्हेंबरमध्ये स्वतःच खुली केली. जिवंत असताना दारात उभं करायचं नाही आणि मेल्यावर चाळीस वर्षांनी तिचं माजघर दाखवून वाहवा मिळवायची. यात धाडस कुठे आलं?

बोल लावायचाच तर पुस्तकांतून लावा ना. नॉडीच्या गोष्टींतले दांडगाई करणारे काळे गॉलिवॉग बाहुले वंशद्वेषी वाटतात म्हणून पुढे प्रकाशकांना बदलावे लागले. तिच्या स्मरणार्थ ५० पेन्सचं नाणं काढायला तिकडच्या टांकसाळीच्या समितीने याच कारणासाठी नकार दिला, ही बातमी २०१९मध्ये आली होती. त्यावर लेख लिहा, मी शांतपणे वाचेन, कदाचित पटेलही. ते आम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं हे खरंच आहे. आम्हाला दिसायचं ते उंच झाड, ज्याच्या शेंड्यावर दर खेपेला नवीन देश येऊन टेकायचा, आणि खाली उतरताना उशीवर बसून खोडाच्या आतून घसरत जायचं. मराठी शाळेतल्या मुलीने शब्दकोश मांडीवर ठेवून वाचलंय ते. आमच्या घरात ते पुस्तक कुणी आणलं असेल? नानांनीच. सेकंडहँड, बारा आण्यांना.

२०१२मध्ये मुलाकडे इंग्लंडात रेडिंगला राहिले होते तेव्हा हट्टाने बीकन्सफील्डला जाऊन आले. एनिडचं तिथलं ‘ग्रीन हेजेस’ हे घर १९७३मध्ये पाडलं. तिथे आता दुसरी घरं आहेत आणि गल्लीला ब्लायटन क्लोज असं नाव. पण जवळच बेकनस्कॉट म्हणून छोट्या छोट्या प्रतिकृतींचं एक गाव आहे, १९२९पासूनचं. त्यात हे घर आहे, वाकून बघावं लागतं एवढंसं. मुलगा फोटो काढत होता आणि मला उगाचच वरच्या खिडक्यांत दोन मुली दिसतात का ते बघावंसं वाटलं. नव्हत्या.

विषय मुलांचा निघालाच आहे तर विचारते. आपल्या पत्रात दर शनिवारी मुलांचं पान यायचं, ते गेलं कुठे? आधी पानाचं अर्धं पान झालं, मग एक चौकट, त्यात एक गोष्ट आणि एक ‘फरक ओळखा’. गेल्या जूनपासून त्या चौकटीत क्लासेसच्या जाहिराती आहेत. माझी नात पाचवीत आहे, ती शनिवारी पेपर उघडून बंद करते. परदेशातल्या बालसाहित्यिक बाईंनी स्वतःच्या मुलांकडे दुर्लक्ष केलं म्हणून आपण पाऊण पान हळहळता, तर इकडच्या मुलांना अर्धं पान द्यायला काय हरकत आहे?

लेखकमहाशयांना माझा एक निरोप द्यावा. पुस्तकं माळ्यावरून काढून लेकीला परत द्या. आणि आपण लेख लिहीत असताना ती दार वाजवते का, वाजवत असेल तर आपण काय उत्तर देता, हे पुढच्या रविवारी लिहा.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)
(नाव छापू नये. नानांची पुस्तकं अजून विकली जातात आणि ताई आपलाच पेपर घेते.)

ता. क. : मागच्या वेळी माझं पत्र आपण निम्मं कापलंत आणि नेमका मुद्दा गेला. या वेळी जागा कमी पडली तर बीबीसीचा परिच्छेद कापा, बीकन्सफील्डही कापलंत तरी चालेल. हनुवटीला हात लावू नका.